दोन्ही पिना एकाच पट्टीत

अक्कलकोट रोडला सूतगिरणीच्या जुन्या गोदामात
आता कापसाऐवजी थंडी साठवतात.
बाहेर मे. रात्री दोनलाही पत्रा हात लावू देत नाही.
आत मी स्वेटर घालून
सातव्या रॅकसमोर उकिडवी.

स्विचच्या पाठीत दोन पॉवर सप्लाय असतात.
इरण्णा हिप्परगींनी पहिल्याच दिवशी दाखवलं होतं,
कानडी हेल काढत:
"दोन्ही चालू, बघ. अर्धं अर्धं उचलतात.
एक मेला की दुसऱ्यानं सगळं उचलायचं.
ज्याला उद्या सगळं पेलायचंय
त्याला आज भरून टाकू नको."
मी वहीत लिहिलं, सातशे पन्नास वॅट गुणिले दोन,
पंधराशे.
त्यांनी माझ्या गुणाकारावर काट मारली.
"इथं दोन म्हणजे एकच.
दुसरा मोजायचा नसतो. ठेवायचा असतो."

दोन चौदाला लाइट गेली.
जनरेटरला उठायला बारा सेकंद लागतात,
तेवढं यूपीएस सांभाळतं.
त्या रात्री ए बाजूच्या यूपीएसनं मान टाकली.
हरकत नाही, बी आहे की.
पहिल्या रॅकपासून सहाव्यापर्यंत
एकेक दिवा पिवळा झाला, दुसरा हिरवाच राहिला.
सातवा काळा.
पंखेसुद्धा गप्प.

टॉर्च दातात धरून मागं गेले.
दोन्ही पिना ए च्या पट्टीत,
शेजारी शेजारी, बहिणींसारख्या.
बी ची वायर अर्धा हात कमी पडली असेल,
कुणाला पुण्याची गाडी गाठायची असेल.
वायरीवर छापील चिठ्ठी मात्र नीट: फीड बी.
आणि तपासणीच्या कागदावर सही माझी.
दोन दिवे हिरवे, असं मी लिहिलं होतं.
पुढून मोजले होते.

नायना आणि अंबादासदादा एकाच मालकाच्या टॉवेलमागावर.
दोन पगारांचं घर, असं विडी घरकुलात सगळे म्हणायचे,
आम्हीही म्हणायचो.
मालकानं एका सोमवारी शटर ओढलं
आणि दोन्ही पगार एकाच दुपारी घरी येऊन बसले.
अम्मा दारात, मांडीवर सूप, सुपात तंबाखू.
तिचं कुणी धरतच नव्हतं हिशेबात,
बसल्या बसल्या काहीतरी, एवढंच.
सातशे विड्यांच्या तेराशे झाल्या,
छाट निघाली की त्या पुन्हा वळायच्या.
आमची फी गेली. भाकरी थांबली नाही.
घर एकदाही लुकलुकलं नाही
म्हणून कुणाला काही कळलं नाही.
आठ महिने.

पिवळ्या दिव्याचा अर्थ मी उलटा शिकले होते.
भागतंय, असा.
तो सांगत असतो: आता याच्याखाली कुणी नाही.
तिच्या अंगठ्याचं पेर तेव्हापासून सरळ होत नाही.

दोन एक्केचाळीसला सातवा परत उठला.
आधी सगळे पंखे जीव खाऊन ओरडले,
मग हळू झाले.
पोर्टांवर दिवे सांडले, उधळलेल्या मोहरीसारखे.
कुठल्यातरी दवाखान्याचं, कुठल्यातरी पतपेढीचं
सत्तावीस मिनिटांचं अडलेलं वाहू लागलं.

सकाळी इरण्णा ओरडले नाहीत.
डब्यातली शेंगदाण्याची चटणी पुढं सरकवली, म्हणाले,
"डोळ्यानं नको. बोटानं बघ.
सप्लायपासून भिंतीपर्यंत, प्रत्येक वायर."
बावीस रॅक. गुडघ्यांवर, धुळीत.
अकराव्यात आणखी एक जोडी सापडली.
एकोणिसाव्यात पिना वेगळ्या होत्या, पट्ट्या वेगळ्या,
पण दोन्ही पट्ट्या वर जाऊन
एकाच ब्रेकरला लटकलेल्या.
तिथं मी जरा वेळ बसून राहिले.

दोन मीटरच्या वायरी मागवल्या.
लागणाऱ्या तीन, मी सात लिहिल्या.
जास्त का, म्हणून फॉर्ममध्ये रकाना होता.
तो मी
कोराच सोडला.