सात मिनिटं, बेचाळीस सेकंद

बर्गेनहून आलं पार्सल. आत घड्याळ
आणि दोन ओळींची चिठ्ठी:
तेलपाणी करा. मोजणीचा काटा मात्र
आहे तिथेच असू द्या.

भिंगातून पाहिलं.
रुपेरी तबकडी, आगीवर निळे केलेले काटे,
मोठा आठच्या जरा पुढे थबकलेला,
उजवीकडचा चिमुकला सातवर.
खालचा सेकंदकाटा तेवढा
आपला चालूच, कुणाला न विचारता.

यानिक, आमचा शिकाऊ, म्हणाला,
काटे उपटल्याशिवाय आत कसं शिरणार, मादाम गोले?
पोराचं बरोबर होतं.

मग नऊ दिवस.
पोलादी तुकडे कथलाच्या पाट्यावर घासले,
एका बाजूनं आरसा, दुसऱ्या बाजूनं काळीकुट्ट रात्र होईपर्यंत.
कडा जेंशियनच्या वाळक्या काडीनं,
जशी आई घासायची, याच खिडकीत.
(तळं गोठलं की उजेड दुप्पट होतो.
आमच्या खोऱ्यात हिवाळ्याचा तेवढाच फायदा.)

आत सहा खांबांचं चाक, छप्पर नसलेला मंडप.
बटण दाबलं की ते इवलंसं सरकतं,
तरफ खांबांमधल्या फटीत पडते,
दोन चाकं दातांत दात घालतात
आणि मोजणं सुरू.
शेजारी पत्त्यांतल्या बदामासारखा तुकडा.
आम्ही त्याला हृदय म्हणतो.
दुसरं बटण दाबा: हातोडी थेट त्याच्यावर,
आणि काटा, असेल तिथून, मुकाट शून्यावर.

नवा बसवायचा तोही शून्यावरच.
दुसरी सोयच नाही.

चिठ्ठी पुन्हा वाचली.
यानिकला कॉफी आणायला पिटाळलं
आणि वरचं बटण दाबलं.
शर्यत असेल. अंडं उकडत असेल,
तसं असेल तर फारच घट्ट झालं.
बेचाळीसला दाबलं. एक पंचमांश सेकंद उशीर.
कुणाला दिसलं असतं?
हातोडी. शून्य. पुन्हा पहिल्यापासून.

दुसऱ्या खेपेला, तिसऱ्या मिनिटाला,
तळ्यावरचा बर्फ लांबवर तडकला.
पाचव्याला कळलं, आपण हळू श्वास घेतोय,
शेजारी कुणी झोपलं असावं तसा.
सहाव्यानंतरचं सांगत नाही.

बिलात लिहिलं: सफाई, तेल,
दोन स्क्रू नवे, एक स्प्रिंग.
पंधरा मिनिटं चोवीस सेकंद
धरले नाहीत.