लाल त्रिकोण

बिल आलं एकशे चौऱ्याऐंशी डॉलरचं.
टोलीडोच्या पाणीखात्यात फोन केला,
पलीकडची बाई म्हणाली, घरात माणसं किती?
दोन, म्हटलं.
ती जराशी थांबली.
तळघरात जा, म्हणाली, मीटरवर एक छोटा लाल त्रिकोण असेल.
सगळे नळ बंद करा आणि त्याच्याकडे बघत राहा.

लाल त्रिकोण म्हटलं की मला
मिरजेच्या दवाखान्याची भिंत दिसते,
एस.टी.च्या पाठीवरचे चार हसरे चेहरे.
दोन किंवा तीन पुरेत.
आमच्या बाबतीत त्या त्रिकोणाला
काही करावंच लागलं नाही.

हा मात्र फिरत होता.
रात्री साडेअकराला, बाहेर वीतभर बर्फ,
घरात एक नळ उघडा नाही,
आणि हा आपला मजेत,
रसवंतीच्या चाकासारखा.

श्रीरंगचा उजवा हात प्लास्टरमध्ये.
म्हणून तो टबच्या कडेवर बसून
डाव्या हाताने बॅटरी धरणार, सूचना देणार,
आणि पाना माझ्याकडे.

पहिला संशय संडासाच्या टाकीवर.
फडताळात जिलबीचा रंग होता, मुदत संपलेला,
पण रंगाला कसली मुदत.
चिमूटभर टाकीत टाकला, झाकण लावलं,
दहावीच्या निकालाला बसतात तसे बसून राहिलो.
वीस मिनिटांनी पांढऱ्या भांड्यात
एक केशरी धागा उतरला, बारीक,
कुणी बोलावलं नसताना.

सात डॉलरचं रबर.
जुनं बरोबर आणलंस, शहाणी आहेस,
दुकानातला डेल म्हणाला,
आणि माझ्या श्रीखंडाच्या डब्यातून
दागिना पारखावा तसं ते उचलून पाहिलं.

तरी त्रिकोण थांबेना. मंदावला फक्त.

मग भिंतीला कान.
टबच्या मागे, आत, कुणीतरी
टाळूला जीभ लावून च्यक् करत होतं,
सावकाश, नापसंतीने,
सासूबाई माझ्या पोळ्या बघून करायच्या तसं.

मुख्य व्हॉल्व्ह बंद केला. कपाटातले कोट काढले.
मागची फळी चार स्क्रूंवर,
चौथ्याचा माथा झिजलेला, तासभर त्यातच गेला.
उजवीकडे आवळ, डावीकडे सैल, तो सांगत राहिला,
पण मी पालथी, हात पाइपाच्या पलीकडे,
तिथे उजवं कुणाचं?
माझं की तुझं?
पाइपाचं!
यावरून भांडलो. मग इतर बऱ्याच गोष्टींवरून,
काही एकोणीसशे शहाण्णवच्या.
बॅटरी भिंतभर हलत होती.

तिच्या उजेडात लाकडावर पेन्सिल दिसली:
एच. डुडेक, ऑक्टोबर १९५८. गरम डावीकडे.
तिरपं, शाळकरी अक्षर.
इतकी वर्षं अंधारात, कुणी न विचारता,
खरं तेच सांगत उभं.

जोडावर हिरवं कीट,
त्याखाली शेवटचा थेंब, धरून धरून सोडलेला.
वायसर बदलला, टेपचे अकरा वेढे दिले.
आमच्याकडे सफेदा आणि सुताचा पिळा लावायचे, मी म्हटलं.
बारा कर, श्रीरंग म्हणाला.

मग डुडेकच्या खाली मी लिहिलं:
कुंदा, जानेवारी. थंड उजवीकडे.
हे वाचणारं कोण येणार आहे इथे?
येईल कुणी प्लंबर, म्हटलं. डोकं खाजवेल.

तळघर. व्हॉल्व्ह उघडला,
पाणी घरभर चढताना ऐकलं,
मीटरपुढे उकिडवी बसले.
त्रिकोण स्थिर.
एक मिनिट. पाच.
टोक खाली, त्या भिंतीवरच्यासारखंच.
बारा मिनिटं झाली आणि मला ते बघवेना.

श्रीरंग, मी जिन्यात ओरडले, हात धू.
एकच आहे, तो म्हणाला.
तोच धू.

वर नळ वाजला.
त्रिकोण हलला.