किती तोडायचं

हर्णैचा टेम्पो पहाटे तीनला येतो.
सातपूरच्या गेटवर वॉचमन आधी नाक धरतो, मग नोंदवही.
चाळीस पोती कोळंबीची टरफलं,
उन्हात वाळवलेली, फिकट गुलाबी,
हातात घेतली तर वजनच नाही.

घरी गेले की आई दारातच अडवते.
आधी अंघोळ. मग बोल.
पंधरा वर्षांत तिनं विचारलं नाही, वास कसला.

पहिल्या टाकीत आम्ल: चुना फसफसून निघून जातो.
दुसऱ्या टाकीत कॉस्टिक: चिकटलेलं मांस सुटतं.
तिसऱ्यातही कॉस्टिकच, पण दाट, उकळीला आलेलं.
तिथं केदू दोन-दोन हातमोजे चढवतो.
एकदा एकच घातला होता,
नव्या पोरांना तो भाषण देत नाही, मनगट दाखवतो.

उरतं ते कायटोसान.
पांढरट कपटे. समुद्राची आठवणही नाही त्यांना.
व्हिनेगरच्या पाण्यात विरघळवले
की इतके घट्ट, चमचा उभा राहील.
मग पन्नास अंशांवर ग्लासभर विकर,
आणि भिंतीवरचं घड्याळ.

इथून पुढं माझं काम.
साखळी हजारो कड्यांची,
विकर ती मधूनच कुठंही तोडतं.
दर वीस मिनिटांनी मी नमुना काढते,
काचेच्या नळीतून तो किती सेकंदांत उतरतो, लिहिते.
चारशे दहा.
दोनशे तीस.
नव्वद.
साठाला वाफ सोडायची, विकर मारायचं.
उतरणाऱ्या द्रवाकडं रात्रभर बघण्याचा
मला पगार मिळतो.

अख्खी साखळी वेलीला नीट वाचता येत नाही.
सुटी कडी म्हणजे नुसती साखर.
पण सहा-सात कड्यांचा तुकडा पानावर पडला
की वेल दचकते:
बुरशीच्या अंगावर असतं तसलं काहीतरी आलंय.
पानांची बारीक तोंडं मिटून घेते,
पेशींच्या भिंती जाड करते,
आतल्या आत कडू होते.
आणि बुरशी तर अजून आलेलीच नसते.

मोहाडीला सुमन देशमान्यांच्या बागेत
छाटणीनंतर चौदा ओळी फवारल्या, चौदा कोऱ्या ठेवल्या.
दवाच्या तीन रात्री गेल्या. पानं उलटून डावणी मोजली.
कमी होती. नव्हती असं नाही.
सुमनताई म्हणाल्या, बरंय की,
पण तुम्ही माझ्या वेलीला खोटं सांगता.
मी वहीत आकडे लिहीत राहिले.

फेब्रुवारीत एका रात्री मोगरेकाकूंचा फोन आला.
आई न्हाणीघरात घसरली होती.
मी रिक्षा, हाडांचा दवाखाना, कार्ड कुठल्या कपाटात
हे सगळं सांगत जिन्यात उभी,
आणि टाकी आपली तोडत होती.
परतले तेव्हा नळीतून अकरा सेकंद.
पाणीच.

पगार सर रागावले नाहीत.
चष्मा पुसत म्हणाले, आता थांबू नका,
आम्ल घाला, शेवटच्या कडीपर्यंत तोडा.
गुडघ्याच्या गोळ्यांना जाईल.

हाड मोडलं नव्हतं. गुडघा तेवढा सुजलेला.
डॉक्टरांनी लिहून दिलं. मी डबी उलटी करून नाव वाचलं,
पुन्हा वाचलं.
आमच्या टाकीतलंच असेल असं नाही,
पण नाव तेच.

सकाळी आईनं गोळी तळहातावर घेतली.
यात मासळीबिसळी नाही ना?

साखर आहे, मी म्हणाले. एक प्रकारची.

ती खोटी नव्हती. इतकं तोडल्यावर साखरच उरते.
पण माझ्या हातातला पेला हलला असावा.

मला काय कळत नाही होय,
तुझ्या केसांना कसला वास येतो ते, आई म्हणाली,
आणि गोळी जिभेवर ठेवून
पाण्यासाठी हात पुढं केला.