ऐंशीव्या दिवशी

मुलगा असता तर चाळिसाव्याच दिवशी चढावं लागलं असतं.
मुलगी झाली. चाळीस दिवस वाढवून मिळाले,
आणि माझ्या भीतीने ते व्याजासकट वापरले.

आमचं देऊळ कड्याच्या कपाळावर कोरलंय.
इतक्या उंच का, ते म्हातारे
दरवेळी वेगळं सांगतात.
तिग्राईतल्या आमच्या खोऱ्यात कुणी देवळाची वाट विचारली
तर आम्ही हात आडवा करत नाही,
हनुवटी वर करतो.

त्याच कड्याच्या पलीकडच्या अंगाला
टेस्फाय मध काढायला गेला होता,
मस्कलच्या पिवळ्या फुलांच्या दिवसांत.
कमरेचा दोर धड होता.
गळ्यातला बाप्तिस्म्याचा दोराही धड होता.
दोन्ही तुटले नव्हते, एवढंच मला आठवतं.
तिसरा महिना होता मला.

तेव्हापासून ओट्यावर उभी राहिले तरी गरगरायचं.
विहिरीत बादली सोडताना मी डोळे मिटून घ्यायचे.
सासू म्हणाली, पोरीला मी नेते वर.
तिच्या गुडघ्यांकडे पाहिलं
आणि नको म्हणाले.

अब्बा हागोसना विचारलं होतं,
वर देव बसलाय, मग त्याच्या डोळ्यांसमोर तो पडला कसा?
ते बराच वेळ दाढीत बोटं फिरवत राहिले.
मग म्हणाले,
"तो पडत होता तेव्हा देव वरच बसून होता,
हे तुला कुणी सांगितलं?"
आणि शेळ्या हाकायला निघून गेले.

चपला खाली काढायच्या.
जागा पवित्र म्हणून,
आणि अनवाणी पायाला दगड कळतो म्हणूनही.
पोर पाठीशी बांधलेली, तिला उचकी लागलेली.
पहिला टप्पा चढले. दुसराही.
तिसऱ्या वळणाला कडा पोटाने पुढे येतो,
तिथे माझे हात दगडाला शिवून टाकल्यासारखे झाले.
वरून डीकन काहीतरी सांगत होता,
खालून बायका काहीतरी सांगत होत्या,
ऐकू येत होती ती फक्त उचकी.

पाठ असलेली एकही प्रार्थना आठवेना.
तोंडात आलं ते असं:
तूही घाबरला होतास ना, त्या रात्री, त्या बागेत?
घामाने भिजला होतास. सोबतचे झोपून गेले होते.
मी जागी आहे बघ.
जरा सरक.
मला तुझ्याशेजारी घाबरू दे.

आकाश फाटलं नाही. वारासुद्धा पडला नाही.
पायाखाली काहीतरी आलं फक्त.
दगड नव्हता. गरम होतं.
वोल्दूबाबाचा तळवा,
सत्तर वर्षांचा, घट्टे पडलेला.
"टाक भार," तो खालून म्हणाला.

देवावर भार टाक, देवावर भार टाक,
आठ महिने सगळं गाव हेच सांगत होतं.
त्याला तळवा असतो,
आणि त्या तळव्याला तंबाखूचा वास येतो,
हे मात्र कुणी बोललं नव्हतं.

मी टाकला.

वर आत थंडगार काळोख, धुपाचा ठसका,
भिंतीवरचे देवदूत डोळे विस्फारून बघणारे.
त्यांना रंगवणाराही इथवर
असाच चढून आला असेल.
पाणी पडताच पोर अशी कोकलली की उचकीच पळाली.
अब्बांनी तिच्या गळ्यात दोरा बांधला.
हिवेत तर ती होतीच, आता वेलेत्ते मरियमही झाली.

बाहेर आल्यावर मी पलीकडच्या अंगाला गेले,
चार पावलं, कड्याला पाठ घासत.
खाली कपारीत माश्या घोंगावत होत्या,
काही घडलंच नसल्यासारख्या.
डोळे उघडे ठेवले.
जेवढा वेळ जमलं तेवढा वेळ.

उतरताना भीती परत आली. येणारच.
तिचंही घर त्याच वाटेवर आहे.
मी तिला म्हटलं,
आता तू पुढे नको चालूस,
माझ्या मागून ये.
आणि जपून ये बाई,
इथे दगड निसरडा आहे.