सव्वासात

अमळनेरची एसटी जिथं थांबते, पण कुणी उतरत नाही,
तिथून खाली, बोरीच्या अलीकडे,
उखा जिभाऊंचं अडीच एकर कपाशीचं रान.
पाच कामगंध सापळे, बांबूला बांधलेले,
शेंड्याहून वीतभर वर.
मी साडेसहाला पोचते.
दव आहे तोवर पतंग जड असतात.

सापळ्यात रबराची गोळी, तिला मादीचा वास.
मला येत नाही, जिभाऊंना येत नाही.
रात्री नर येतात
कुणीच राहत नसलेल्या घराकडे
आणि पिशवीत उतरतात.
पहिल्या आठवड्यात वाईट वाटायचं.
मग वहीत रकाना आखला.

एका सापळ्यात आठ, लागोपाठ तीन रात्री.
तोवर फवारायचं नाही.
हे आठ कुणी ठरवले, जिभाऊ विचारतात.
कुणीतरी माझ्यासारखंच
दुसऱ्याच्या बांधावर पुष्कळ वर्षं मोजत बसलं असेल.

"आज कितला उनात?"
सहा.
"पंप भरी ठेयेल शे."
असू द्या.

चवळीच्या ओळीवर मावा आला तेव्हा
केवळबाई काळ्या, खडबडीत,
नारिंगी ठिपक्यांच्या अळ्या
अंगठ्यानं चिरडत निघाल्या होत्या.
मी एक काडेपेटीत घातली,
त्यांच्याच चुलीमागच्या कोनाड्यात ठेवली.
रोज एक मावा लागलेलं पान.
नवव्या दिवशी पेटीत ढालकिडा,
लाल, गोल, नुकता वाळलेला.
केवळबाई बराच वेळ
स्वतःचा अंगठा बघत राहिल्या.

परवा आठ. काल नऊ.
आज तिसऱ्या सापळ्याला मुंगळे लागलेले.
धड एकही पतंग नाही,
तळाशी नुसते पंख, राखेच्या रंगाचे.
श्वास रोखून चिमट्यानं कागदावर मांडले.
एकोणतीस.
पतंगाला चार पंख.
सव्वासात.

जिभाऊ खांद्यावरून बघत होते.
"पाव पतंग काय कामना?"

वाऱ्यानं तीन पंख नेले असतील
तर आठ. मुंगळ्यांनी नेले असतील तरी आठ.
वहीत पाव लिहायला जागा नाही.

मग आम्ही तिघांनी वीस हिरवी बोंडं तोडली,
बांधावर बसून विळ्यानं फोडली.
दोन अळ्या निघाल्या तर फवारायचं, असं ठरलं.
अकराव्यात एक सापडली,
अजून पांढरी, गुलाबी व्हायची होती.
बारा, तेरा, चौदा.
विसावं केवळबाईंनी मुद्दाम हळू फोडलं.
आत ओला कापूस, पाकळीला पाकळी चिकटून, स्वच्छ.

जिभाऊ काही बोलले नाहीत.
पाचव्या बांबूच्या पक्षीथांब्यावर कोतवाल बसला होता,
शेपूट दुभंगलेली,
चोचीत काहीतरी फडफडणारं.
ते कुठल्या रकान्यात मांडू?

तारखेसमोर लिहिलं: सव्वासात,
मुंगळे, खात्री नाही.
गोळीला एकवीस दिवस झालेत,
उद्या बदलायची.