सोळा आणे

वाळपईच्या स्टँडवर पिवळ्या मडगार्डची मोटारसायकल,
तिच्यावर झिलू गावस, पायलट.
दर बुधवारी मागे मी, मांडीवर लसींचा निळा डबा,
केरीवरून वर, चोर्ल्याच्या वळणांत.

पहिल्याच वळणानंतर त्यानं गाडी कडेला घेतली.
"बाई, गाडी डावीकडे कलते, तुम्ही उजवीकडे ताठ होता.
तिला कळत नाही कोणाचं ऐकायचं.
माझ्या डाव्या खांद्यावरून रस्ता बघा.
बाकीचं अंग आपसूक येतं."

चहाच्या गाड्यावर तळहात दाखवला, ग्रीसनं काळा:
"एवढंच टायर टेकतं खाली.
एवढ्याशावर तुम्ही, मी, डबा आणि गाडीचे हप्ते.
त्याच्याकडे असतात सोळा आणे.
ब्रेकला बारा दिले, तर वळणाला उरले चार.
चारात कोण वळणार?
म्हणून देणं सरळ रस्त्यावरच चुकवायचं,
वळताना खिसा भरलेला हवा."

एप्रिलात वळणावर काजूचे बोंडू,
चिरडलेले, आंबलेले,
घाटाला हुर्राकाचा वास.
"इथे सोळाचे सहा," म्हणत तो मंदावायचा,
पार आधीच्या पुलापाशी.
ब्रेक लागला की डब्यातलं वितळलेलं पाणी
पुढे धावून त्याच्या पाठीशी डुचमळायचं.
पण वळणात, गाडी कललेली असताना,
पाणी गप्प. थेंबभरही बाजूला जात नसे.
मी झाकण उघडून पाहिलंय.

आता कार आहे. उंच, जुनी, मऊ स्प्रिंगांची.
ती वळते एकीकडे, कलते दुसरीकडे,
मन नसताना लग्नाला निघाल्यासारखी.
बाहेरची दोन चाकं सगळा भार वाहतात,
आतली दोन नुसती हजेरी लावतात.
सोलकढीची बाटली दारावर आपटते.

काल त्याच वळणावर बोंडू. उशिरा दिसले.
पाय ब्रेककडे निघालाच होता.
पण अर्ध्या वळणात ब्रेक म्हणजे
सगळं वजन पुढे, मागची चाकं पोरकी.
पाय होता तिथेच ठेवला, हलका.
स्टीअरिंग जरासं सैल सोडलं.
मागचं एक चाक सरकलं, वीतभर,
आणि पुन्हा डांबराला लागलं.

शेजारची नवी नर्स, सुलक्षा, डबा छातीशी धरून म्हणाली,
"बाई, तुम्ही अशा तिरक्या का बसलात?"

मी डाव्या खांद्यावरून रस्ता बघत होते.
तिथे नुसती काच होती,
काचेवर बोंडूचा शिंतोडा,
आणि वायपर फिरवला तर तो अजूनच पसरला.