सहावा दाणा

लुक्काच्या वरच्या अंगाला, नेद्दाच्या चुलीवर
रात्रभर भिजलेला पांढरा घेवडा
सकाळपासून हूं की चूं न करता शिजतोय.

काळ्या कोबीवर दोनदा दव गोठलं,
आता कुठे तिची पानं गोड लागतात.
शिरा ओरबाडून ती देठं कोंबड्यांना टाकते.

शिजला का, हे ठरवायचं
सासऱ्याच्या उरलेल्या तीन दातांनी.
चमच्यात एक दाणा फुंकत नेते.
ओरेस्ते डोळे मिटून घोळवत राहतो:
"कच्चाय अजून."
हे पाचव्यांदा.

पावाचे काप निखाऱ्यावर खरपूस झाले,
लसूण घासून झाला,
नवं, घशाला झोंबणारं तेल ओतून झालं.
पाला घेवड्यात मऊ पडला.

सहाव्या दाण्यावर नेद्दा फुंकर घालते
आणि त्याच्यादेखत
स्वतःच खाऊन टाकते.

"शिजला, शिजला," म्हातारा म्हणतो,
बशी पुढे ओढत.